तळ दिसतो, पण किती खोल?

साउथ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाला, व्हिक्टोरियाच्या हद्दीला खेटून पिकॅनिनी पाँड्स ही झऱ्यांच्या पाण्यावर जगणारी पाणथळ जागा आहे. माउंट गॅम्बियर शहराहून गाडीने साधारण अर्धा तास. पश्चिमेला थोड्याच अंतरावर, पोर्ट मॅकडॉनेलच्या वाटेवर यूएन्स पाँड्स आहे. हा सगळा मुलूख मूळच्या बोआंडिक लोकांचा. दोन्ही ठिकाणं संरक्षित आहेत आणि दोन्हीकडे लोक पाण्याखाली बघायला जातात. मागच्या अंकात आम्ही पिकॅनिनीची छायाचित्रं छापली, त्यानंतर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: छायाचित्रांत पाणी काचेसारखं दिसतं. ते इतकं नितळ कसं? आणि पिता येतं का?

हे पाणी वाहत नव्हे, झिरपत आलेलं आहे. माउंट गॅम्बियरच्या आसपास जमिनीखाली चुनखडकाचा जाड थर आहे. पाऊस त्यात मुरतो आणि खडकाच्या बारीक छिद्रांतून, भेगांतून अगदी सावकाश समुद्राकडे सरकतो. किनाऱ्याजवळ पोचला की दाबाने उमाळ्यांच्या रूपात वर येतो. नदी वाटेत भेटेल ती माती उचलते. इथे माती उचलायला वेगही नाही आणि मातीही नाही, खडक गाळणीचं काम करतो. शिवाय उमाळे सतत चालू असल्याने डोहातलं पाणी बदलत राहतं, साचून हिरवं होत नाही. चांगल्या दिवशी पिकॅनिनीत आडवी नजर चाळीस मीटरपर्यंत पोचते.

घळी आणि गुहासुद्धा पाण्यानेच कोरल्या. पावसाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड घेतं, त्याचं सौम्य आम्ल होतं आणि चुनखडक विरघळतो. जिथे आधीच भेग होती तिथे ती रुंदावत गेली. पिकॅनिनीतली ‘द कॅझम’ ही उभी घळ अशीच एक भेग. ती शंभर मीटरहून खोल आहे.

पिण्याचं म्हणाल तर नको. नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. आसपास दुभत्या जनावरांची कुरणं आहेत. खताचा आणि शेणामुताचा नत्र पावसाबरोबर भूजलात उतरतो. तिथे तो नायट्रेटच्या रूपात असतो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. ते डोळ्यांना दिसतं ते फक्त शेवाळाच्या रूपात, तेही उशिरा.

प्रश्न: आम्ही दोघं आणि चौदा वर्षांची मुलगी. पोहता येतं, पण डायव्हिंग कोणालाच येत नाही. यूएन्सला जावं की पिकॅनिनीला?

पहिल्यांदा जात असाल तर यूएन्स. तिथे ओळीने तीन डोह आहेत. खोली नऊ-दहा मीटरच्या घरात आहे आणि मधे उथळ, अरुंद पाट आहेत. पहिल्या डोहात उतरायचं आणि प्रवाहावर तरंगत दुसऱ्यात, मग तिसऱ्यात जायचं. तिथे बाहेर पडून पायवाटेने परत यायचं. प्रवाह तुम्हाला नेतो, फार हातपाय मारावे लागत नाहीत. तिसऱ्या डोहाचं पाणी पुढे एट माइल क्रीकमधून समुद्राला जातं. डोहांच्या तळाशी वाळू उकळल्यासारखी हलताना दिसेल. तो उमाळा. तिथे थांबून बघा.

पिकॅनिनीत सुरुवातीचा डोह दहाएक मीटर खोल आहे. त्याच्या कडेला लव्हाळ्यातून वाट काढत तुम्ही कॅझमच्या तोंडावर येता. पोटाखाली हिरवीगार वनस्पती असते आणि पुढच्या दोन हातांत ती संपते. खाली फक्त निळं. काहींना इथे गच्चीच्या कठड्यावरून वाकल्यासारखी चक्कर येते. धोका काही नसतो, तुम्ही तरंगतच असता, पण अशा क्षणी माणूस पाण्यात उभा राहायला बघतो, पाय झाडतो आणि मास्कमध्ये पाणी घेतो. मुलीला आधी सांगून ठेवा, की असं वाटलं तर नजर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ठेवायची आणि तोंडाने चार लांब श्वास सोडायचे.

पिकॅनिनीत उतरायला उद्यान खात्याचा परवाना आधी काढावा लागतो, तोही ठरावीक वेळेचा. यूएन्सचे नियमही निघण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. एक बारीक घोळ नेहमी होतो. साउथ ऑस्ट्रेलियाचं घड्याळ व्हिक्टोरियाच्या अर्धा तास मागे असतं, आणि पिकॅनिनी हद्दीच्या इतकं जवळ आहे की फोन कधी पलीकडचा टॉवर पकडून पलीकडची वेळ दाखवतो. परवान्यावरची वेळ साउथ ऑस्ट्रेलियाची.

उजेडाचंही सांगून ठेवतो. घळीत ऊन उतरायला सूर्य डोक्यावर हवा. या अक्षांशावर डिसेंबरात तो भर दुपारी क्षितिजापासून ७५ अंशांवर असतो, जूनमध्ये जेमतेम २८-२९ अंशांवर. उन्हाळी वेळेनुसार दुपारी एकच्या आगेमागे सूर्य सगळ्यात वर असतो. हिवाळ्यात सकाळी नऊची वेळ घेतलीत तर पाणी तेच, पण घळ काळी दिसेल.

प्रश्न: जानेवारीत हवा ३५ अंशांवर जाते. मग वेटसूट कशाला? नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत चालणार नाही का?

हवेचा आणि या पाण्याचा संबंध नाही. भूजलाचं तापमान वर्षभराच्या सरासरीला धरून असतं. इथे जानेवारीत आणि जुलैत पाणी साधारण १५ अंशच असतं. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढतं. पोहण्याच्या कपड्यांत उतरलात तर पहिल्या मिनिटात धाप लागेल, श्वास आवरणार नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत बोटं काम करेनाशी होतील. मास्कचा पट्टा सरकवायला बोटं लागतात.

पूर्ण बाह्यांचा पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, हुड आणि बूट एवढं घाला. किडकिडीत माणसाला किंवा मुलांना सात मिलिमीटर बरा. जाडीपेक्षा माप महत्त्वाचं आहे. पाठीच्या कण्यापाशी किंवा मानेशी पोकळी राहिली तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर होतं आणि सूट असून नसल्यासारखा. भाड्याचा घेत असाल तर घालून खाली वाका. पाठीत फुगा आला तर एक माप लहान मागा.

वेटसूटचा दुसरा फायदा कमी लोक लक्षात घेतात. तो तुम्हाला तरंगवतो. तुम्ही आडवे राहता, पाय खाली लोंबत नाहीत, आणि इथे सगळं त्यावरच आहे. यूएन्सच्या पाटात पाणी कंबरेएवढं. कोणी तिथे उभं राहिलं की मऊ गाळाचा ढग उठतो, आणि मागून येणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. मास्कमध्ये पाणी आलं तर उभं राहू नका. पाठीवर वळा, तरंगत मास्क उचला, पाणी काढा, पुन्हा पालथे व्हा. घरी तरणतलावात हे दहादा करून जा.

सनस्क्रीन लावू नका. हुड आणि सूट असताना ते लावायला जागाच किती उरते? ते पाण्यात उतरतं आणि उथळ भागात तवंग दिसतो.

प्रश्न: माझ्याकडे डायव्हिंगचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचं कार्ड आहे, समुद्रात ऐंशीहून जास्त डाइव्ह झाल्या आहेत, तीस मीटरपर्यंत गेलो आहे. तरी पिकॅनिनीत हवेची टाकी घेऊन उतरू देत नाहीत. हा निव्वळ कागदी जाच नाही का?

तुमच्यासारखी पाच पत्रं आली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी इतिहास. १९६९ ते १९७४ या काळात माउंट गॅम्बियरच्या परिसरातल्या पाण्याने भरलेल्या विवरांत आणि गुहांत अकरा डायव्हर बुडाले. त्यातले चार मे १९७३ मध्ये ‘द शाफ्ट’ या एकाच विवरात, एकाच डाइव्हमध्ये गेले. त्यानंतर सगळी ठिकाणं कायमची बंद करण्याची भाषा सुरू झाली. त्याच वर्षी केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया, म्हणजे सीडीएए, स्थापन झाली आणि तिने ठिकाणांची आणि डायव्हरांची श्रेणी ठरवायला घेतली. आज पिकॅनिनीत टाकी घेऊन जायला उद्यान खात्याचा परवाना लागतो आणि सीडीएएची त्या ठिकाणाला लागू असलेली श्रेणीही. समुद्रातलं कार्ड कितीही वरचं असलं तरी ते या श्रेणीच्या जागी चालत नाही.

आता कारणं. समुद्रात काही बिघडलं तर वर जाता येतं, आणि तुमचं सगळं प्रशिक्षण त्यावर उभं आहे. पिकॅनिनीतल्या ‘द कॅथीड्रल’ या दालनात डोक्यावर खडक आहे. तिथे वर जाणं म्हणजे छताला लागणं. आधी आडवं बाहेर, मग वर. म्हणजे हवेचा हिशेबच वेगळा.

तो हिशेब मांडून बघू. शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असं धरू. तीस मीटरवर दाब चारपट, म्हणजे मिनिटाला ऐंशी लिटर. बारा लिटरची एक टाकी २०० बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाबाने, भरली तर २४०० लिटर. गुहेतला जुना नियम तिहाईचा आहे. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. म्हणजे ८०० लिटर संपले की मागे फिरायचं. ऐंशीने भागा, दहा मिनिटं. वरून तिथवर उतरायला लागलेली हवा यात धरलेली नाही. ती धरली तर त्याहून कमी.

आता सगळ्यात वाईट जागी, मागे फिरण्याच्या क्षणी, तुमच्या जोडीदाराची टाकी निकामी झाली. तुमच्याकडे १६०० लिटर आहेत आणि नाकं दोन. दोघंही शांत राहिलात तर मिनिटाला १६० लिटर. बाहेर यायला दहाच मिनिटं लागली तर तोंडावर येता येता टाकी रिकामी. पण जोडीदाराची हवा गेल्यावर शांत कोण राहतं? प्रत्येकाचा खप तीस लिटरवर गेला तर मिनिटाला २४० लिटर, आणि सगळी हवा सहा मिनिटं चाळीस सेकंदांत खलास. दहा मिनिटांच्या वाटेतली तीन मिनिटं वीस सेकंद बाकीच.

म्हणून जाणकार तिहाईला कमाल मर्यादा मानतात, शिफारस नाही. शिवाय हा नियम रूढ झाला तो बाहेर वाहणाऱ्या झऱ्यांत, जिथे परतताना प्रवाह ढकलतो. कॅझममध्ये असा हातभार लावणारा प्रवाह जाणवत नाही. जाणं-येणं सारखंच, म्हणून आधीच मागे फिरायचं. जोड-टाकी, दोन स्वतंत्र रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत देणारी यंत्रं) आणि मधला बंद करता येणारा व्हॉल्व्ह लागतो तो याच कारणाने. एका रेग्युलेटरने दगा दिला तर त्याची नळी बंद करून उरलेली हवा दुसऱ्याने घेता येते. तो व्हॉल्व्ह मानेमागे असतो. जाड सूट घालून, डोळे मिटून तो तीस सेकंदांत फिरवता येतो का, ते आज घरी करून बघा. बहुतेकांचा हात पोचत नाही.

दुसरं, गाळ. दालनाच्या कपारींवर आणि तळावर बारीक पांढरी भुकटी बसलेली असते. फिनचा एक उभा फटका बसला की ती उठते, आणि चाळीस मीटरची नजर काही सेकंदांत हातभर होते. टॉर्च लावला तर प्रकाश त्या दुधातून उलटा डोळ्यांत येतो. समुद्रात डायव्हर वर-खाली पाय मारतो. इथे गुडघे वाकवून, पावलं तळाच्या वर ठेवून, बेडकासारखे आडवे मारायचे. छत असलेल्या भागात उघड्या पाण्यापासून अखंड दोरी हवी आणि माणशी तीन टॉर्च. एक मुख्य, दोन राखीव. मुख्य विझला की डाइव्ह संपली, राखीव टॉर्च पुढे जायला नसतात. नजर गेली तर अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात धरायची आणि तिच्यावरून सरकत बाहेर यायचं. दोरी ओढायची नाही, ओढली की ती कपारीत अडकते आणि वाट तिथेच चिणली जाते.

तिसरं कारण खुद्द नितळपणा. मास्कच्या काचेतून पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि पाऊण अंतरावर दिसते. बारा मीटर खालचा खडक नऊ मीटरवर वाटतो. उभी पांढरी भिंत, तळ नाही, प्रकाश भरपूर. अशा जागी तीस मीटर आणि चाळीस मीटर यांत डोळ्यांना फरक कळत नाही, आणि तीसच्या पुढे दाबाखाली श्वासातल्या नायट्रोजनची चढणारी नशा तो फरक कळूनही कळू देत नाही. समुद्रात तळ तुम्हाला थांबवतो. इथे थांबवायला मनगटावरचा आकडा, बस.

जाच आहे खरा. पण डायव्हरांवर उपचार करायचे दाबकक्ष (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या खोल्या) ॲडलेड किंवा मेलबर्नच्या मोठ्या रुग्णालयांत आहेत, म्हणजे गाडीने चार-पाच तासांवर. हे लक्षात घेऊन कागद भरावेत.

प्रश्न: समुद्रात खाली जाता यावं म्हणून मी अंगावर दहा किलो शिसं लावतो. गोड्या पाण्यात किती?

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. तुम्ही आणि तुमचं सगळं सामान मिळून शंभर किलो असेल तर गोड्या पाण्यात अडीच किलो शिसं कमी लागेल. म्हणजे त्याच सूटवर साडेसात. पण समुद्रात तीन मिलिमीटरचा सूट वापरत असाल आणि इथे सात घालणार असाल तर हे गणित उलटं होतं. सातचा सूट कितीतरी जास्त तरंगतो. कागदावर न सोडवता उथळ पाण्यात तपासा. टाकीत ५० बार, तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट पूर्ण रिकामं आणि नेहमीचा श्वास अर्धा आत, एवढ्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेला आलं पाहिजे. पूर्ण बुडालात तर एक किलो काढा.

जास्तीचं शिसं इथे जास्त महागात पडतं. सूटमधले बुडबुडे दाबाने आक्रसतात आणि तीस मीटरवर त्याची तरंगण्याची ताकद जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येते. वर नीट तोललेला माणूस खाली जड होतो, जड झाला की आणखी खाली जातो, आणि उभ्या घळीत मधे पायरी नाही.

जाता जाता, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) गोड्या पाण्यावर लावा. समुद्रावर राहिला तर ३६ मीटरला ३५ दाखवेल. टप्प्याटप्प्याने वर येण्याचं गणित चुकत नाही, कारण ते दाबावरून होतं. खोलीची मर्यादा मात्र चुकते.

प्रश्न: मास्कवर सतत वाफ धरते. बेबी शाम्पू लावला तर?

घरी लावून, खळखळून धुऊन, सुकवून आणा. डोहाकाठी नको. तिथे थुंकी पुरते. कोरड्या काचेवर थुंका, बोटाने चोळा, एकदा बुचकळा. नवा मास्क असेल तर त्याच्या काचेवर कारखान्यातला मेणचट थर असतो. तो पांढऱ्या साध्या टूथपेस्टने तीन-चारदा घासल्याशिवाय काहीही लावलं तरी वाफ धरणारच.

प्रश्न: मी टाकीशिवाय श्वास रोखून पंधरा मीटर जातो. खाली जाण्याआधी वीसेक जोरात श्वास घेतले की वेळ वाढतो. कॅझममध्ये हे चालेल का?

श्वास रोखून खाली जाण्याबद्दल परवान्यावर काय लिहिलं आहे ते आधी वाचा, त्यापलीकडे जाऊ नका. आणि ते वीस श्वास कुठेच नकोत, तरणतलावातही.

जोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन नगण्य वाढतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि ‘आता श्वास घे’ ही हाक तोच देतो. म्हणजे तुम्ही वेळ वाढवला नाही, घंटा काढून ठेवली. खाली दाबामुळे उरलासुरला ऑक्सिजन पुरेसा वाटतो. वर येताना दाब उतरतो, शेवटच्या काही मीटरांत ऑक्सिजन एकदम तळाला जातो आणि माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. कधी कधी तर वर आल्यावर, पहिला श्वास घेऊनही. म्हणून एक खाली तर दुसरा वर, डोळे त्याच्यावर. वर आल्यावरही तीस सेकंद नजर हटवायची नाही. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती. आणि इथे बेशुद्ध माणूस बुडायला लागला तर खाली दहा मीटर नाहीत, शंभर आहेत.

प्रश्न: पाण्यातल्या झाडांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसतात. गॅस आहे का? आणि त्यांना हात लावला तर काय बिघडतं?

ऑक्सिजन आहे. प्रकाश इतका खोल जातो, की एरवी काठावर अर्धी बाहेर डोकावणारी झाडं इथे पूर्ण बुडून कुरणासारखी वाढतात. भर उन्हात पाण्यात मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन ती तयार करतात आणि तो पानांच्या कडेला मण्यांसारखा लागतो. संथपणे पाहिलंत तर एक मणी सुटतो, वर जातो, आणि त्याच जागी दुसरा फुगायला लागतो.

हात लावला की पानावरचा गाळ उडतो, आणि मुळं ज्या मऊ थरात रोवलेली असतात तो उखडतो. एका माणसाने काही होत नाही. पण उथळ पाटात सगळे एकाच जागी वळतात, एकाच जागी उभे राहतात. झाडं गेली की त्यांच्या आडोशाने राहणारे पिग्मी पर्चसारखे बोटभर मासे उघड्यावर येतात. ग्लेनेल्ग नदीच्या खोऱ्यातला काटेरी झिंगाही इथलाच, कपारीत बसलेला दिसेल. ईल मासे दिसले तर घाबरू नका, त्यांना तुमच्यात रस नाही. बोट मात्र बिळात घालू नका.

प्रश्न: ही जागा निसर्गतः अशीच होती की सरकारने तयार केली?

निसर्गाची होती, माणसाने सुकवली आणि आता थोडी परत मिळवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या किनाऱ्यालगतच्या दलदलींतून समुद्राकडे चर खणले गेले. हेतू एकच, शेती आणि कुरणांना जमीन. शेजारच्या एट माइल क्रीकच्या दलदलीचं तर जवळजवळ सगळं दूधदुभत्याचं रान झालं. चर खणला की पाण्याची पातळी उतरते. मग सुकलेली काळी कुजकट माती हवेत सडते आणि जमीनच खचते. नुसता चर बुजवून पहिल्यासारखं होत नाही ते यामुळे.

पिकॅनिनीच्या पश्चिमेची पिक स्वॅम्प ही अशीच सुकवलेली दलदल सरकारने विकत घेऊन २००७च्या सुमारास पुन्हा ओली करायला घेतली. तंत्र साधं आहे. बाहेर जाणाऱ्या चरात बांध घालून पाणी थोडं तुंबवायचं आणि ते पसरू द्यायचं. कठीण भाग उंचीचा. बांध बुटका राहिला तर पाणी पसरत नाही, चढा झाला तर शेजाऱ्याचं कुरण बुडतं आणि समुद्रातून चढून येणाऱ्या माशांची वाट अडते. ईलची पिल्लं समुद्रातून गोड्या पाण्यात येतात. म्हणून सरळ भिंतीऐवजी दगडांचा लांब, मंद उतार करतात. दगडांमधून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं आणि मासा एकेका दगडाआड दम घेत चढतो. २०१२ मध्ये पिकॅनिनीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली. क्षेत्र सुमारे ८६० हेक्टर, म्हणजे डायव्हर ज्याला ‘पिकॅनिनी’ म्हणतात तो डोह त्यातला नखाएवढा तुकडा.

प्रश्न: मग आता धोका कशाचा? डायव्हरांचा?

डायव्हर आणि नळीने श्वास घेत वर तरंगणारे स्नॉर्केलवाले कुंपणाच्या आतलं नुकसान करतात, आणि ते परवान्याने आवरता येतं. झऱ्याचं पाणी मात्र कुंपणाबाहेरून येतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सिंचनाचे पंप भूजल उपसतात, आणि पाइन व निलगिरीच्या लागवडी पाऊस खाली पोचण्याआधीच पितात, शिवाय जिथे भूजल उथळ आहे तिथे मुळांनी थेट ओढतात. या भागाच्या २०१३च्या जलवाटप आराखड्यात म्हणूनच लागवडीच्या जंगलांचं पाणी पंपाच्या पाण्यासारखं हिशेबात धरलं आहे, ही आमच्या मते इथली सगळ्यात शहाणी गोष्ट. उमाळ्याचा जोर कमी झाला की पाणी डोहात जास्त काळ रेंगाळतं. त्यात नायट्रेट असतंच, आणि मग धाग्यासारखं शेवाळ झाडांवर चढून त्यांचा उजेड खातं.

प्रश्न: आदल्या दिवशी एका तळ्यात पोहून तेच सामान घेऊन पिकॅनिनीला आलो. गैर आहे का?

सामान पूर्ण कोरडं असेल तर नाही. ओलं असेल तर दुसऱ्या पाण्यातलं शेवाळ, गोगलगाईंची अंडी, बेडकांना मारणारी काइट्रिड बुरशी, सगळं तुमच्याबरोबर आलं. बुटाच्या तळव्याच्या खाचा, वेटसूटच्या गुडघ्यामागची घडी आणि फिनचा पट्टा जिथे बकलमधून वळतो ती जागा आधी बघा. पाल्याचा तुकडा बहुधा तिथेच सापडतो. डायव्हरांनी जाकिटाच्या फुग्यातलं पाणीही काढावं. वर कोरडं दिसणारं जाकीट आत पेलाभर पाणी घेऊन फिरत असतं. ते उलटं धरून, खालचा व्हॉल्व्ह दाबून रिकामं करा, गोडं पाणी भरून हलवा, पुन्हा रिकामं करा, फुगवून सावलीत टांगा. धुण्याचं पाणी झऱ्याच्या काठी ओतू नका. जाड वेटसूट आतून सुकायला दोन दिवस लागतात. तेवढा वेळ नसेल तर दुसरा भाड्याने घ्या.

प्रश्न: चष्म्याचा नंबर उणे चार आहे. मास्कमध्ये चष्मा घालता येईल का?

नाही. दांड्यांमुळे मास्कची कड बसत नाही आणि पाणी येत राहतं. नंबरच्या काचा बसवलेला मास्क घ्या. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरने मिळतात. मधला नंबर असेल तर थोडा कमीचा घ्या, पाण्यात सगळं जवळ दिसत असल्याने तो पुरतो. लेन्स घालून उतरायचं असेल तर रोज टाकून द्यायच्या मऊ लेन्स वापरा, मास्क काढताना डोळे मिटा आणि बाहेर आल्यावर त्या फेकून द्या. भूजलात सूक्ष्म जीव नसतात असं कोणी सांगितलं तरी त्याच लेन्स डोळ्यात ठेवून परतीची गाडी चालवू नका.